मायक्रॉन मोजून झाले, आता पाऊचचे थर विचारा

प्रति,
माननीय पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : खाद्यपदार्थांच्या पाऊचवर थरांची माहिती छापणे बंधनकारक करण्याबाबत, तसेच सांगली जिल्ह्यातील लहान उत्पादकांसाठी सामायिक छपाई व चाचणी सुविधेबाबत.

माननीय मंत्रिमहोदया,

सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, भडंगाला तर त्याची गरजही कधी भासली नाही. पण हे तिन्ही पदार्थ ज्या पाऊचमधून गिऱ्हाइकाच्या हाती पडतात, तो कशाचा बनलेला आहे हे ते भरणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. कुपवाड परिसरात पॅकिंग साहित्याचा व्यवसाय करताना मला लहान उत्पादकांकडून हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : ‘किती मायक्रॉनचा आहे?’ (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हा प्रश्न त्यांना नियमांनीच शिकवला आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

कॅरीबॅगची किमान जाडी २०१६ च्या केंद्रीय प्लास्टिक कचरा नियमांत ५० मायक्रॉन होती. ती ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. कॅरीबॅगपुरते ते रास्तच आहे, कारण पातळ पिशवी वाऱ्यावर उडते, गटारात अडकते आणि ती वेचून गोळा करणे कोणालाच परवडत नाही. परंतु जाड म्हणजे चांगले, हा समज त्यातून पाऊचपर्यंत येऊन पोहोचला आणि तिथे तो साफ उलटा ठरतो. दुधाची पिशवी जेमतेम ५० मायक्रॉनची असते, पण ती सगळीच्या सगळी पॉलिथिनची असल्यामुळे भंगारवाला तिला भाव देतो. हळदीचा चकचकीत पाऊच ७४ मायक्रॉनचा असू शकतो : बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मध्ये १२ मायक्रॉन मेटलाइज्ड (म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेले) पॉलिएस्टर आणि आत ५० मायक्रॉन पॉलिथिन. पॉलिथिन साधारण ११० ते १२५ अंश सेल्सिअसला वितळते आणि पॉलिएस्टर २५० च्या पुढे, त्यामुळे चिकटद्रव्याने जोडलेले हे थर एकत्र वितळवून पुन्हा कामाचे प्लास्टिक मिळत नाही. भंगारवाला त्याला हात लावत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

हे थर कोणी हौसेने लावलेले नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बाहेरच्या पॉलिएस्टरवर छपाई ठसठशीत उठते आणि सील करताना यंत्राची उष्णता ते सोसते. मधला थर हवा आणि प्रकाश अडवतो. आतले पॉलिथिन वितळून सील बसते. हळदीतला कर्क्युमिन हा पिवळा रंगद्रव उजेडाने फिका पडतो, म्हणून पारदर्शक पाऊचमधली हळद दुकानाच्या दर्शनी फळीवर रंग घालवून बसते. भडंग दमट हवेत सादळते आणि हवा लागली की त्यातले तेल खवट होते. बेदाण्याला मात्र ओलावा सांभाळणारा साधा पाऊच पुष्कळदा पुरतो, तरी दिसायला भारी म्हणून त्यालाही चंदेरी पाऊच घेतला जातो. चंदेरी म्हणजे फॉइल, असाही समज आहे. पाऊचचा कोपरा घट्ट दुमडून सोडावा : खरे ॲल्युमिनियम फॉइल असेल तर घडी बऱ्यापैकी तशीच राहते, मेटलाइज्ड फिल्म असेल तर ती उसळून परत येते, आणि टॉर्चसमोर धरल्यास तिच्यातून अंधूक उजेडही दिसतो. दोन्हींच्या किमतीत आणि पदार्थ टिकवण्याच्या क्षमतेत मोठा फरक असूनही बिलावर अनेकदा दोन्हींना ‘सिल्व्हर पाऊच’ एवढेच म्हटलेले असते.

क्राफ्ट पेपरच्या पाऊचबद्दल तर बोलायलाच हवे. पर्यावरणपूरक म्हणून बचत गट ते हौसेने आणि जादा पैसे देऊन घेतात. पण सील बसावे म्हणून त्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असतेच. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या (वेष्टनाचा कचरा परत गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या) मार्गदर्शक सूचनांनुसार प्लास्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचा थर असलेले वेष्टन तिसऱ्या वर्गात मोडते, म्हणजे हा कागदी पाऊच फॉइलच्या पाऊचच्याच पंक्तीला बसतो. दुसऱ्या वर्गात लवचीक प्लास्टिक वेष्टने सरसकट येतात, मग ते निव्वळ पॉलिथिन असो वा पॉलिएस्टर-पॉलिथिनची जोडी. पुनर्वापराच्या दृष्टीने खरा फरक याच दोघांत आहे, आणि तोच वर्गवारीत कुठे दिसत नाही.

आता छपाई. मोठ्या उत्पादनाची छपाई रोटोग्रॅव्हिअरवर, म्हणजे कोरीव सिलिंडरच्या यंत्रावर होते. प्रत्येक रंगासाठी कोरलेले एक सिलिंडर लागते, म्हणजे पाच रंगांना पाच, आणि पत्ता किंवा परवाना क्रमांक बदलला की त्या रंगाचे सिलिंडर नव्याने. एवढा खर्च भरून निघायचा तर एका डिझाइनची ऑर्डर काही शे किलोंची हवी. १०० ग्रॅम हळदीचा वर सांगितलेला पाऊच रिकामा अंदाजे तीन ग्रॅम भरतो, म्हणजे ३०० किलोंत एक लाख पाऊच झाले. कवठेमहांकाळच्या एखाद्या बचत गटाने एवढे पाऊच कधी आणि कुठे खपवायचे? फ्लेक्सो छपाईला सिलिंडरऐवजी फोटोपॉलिमरची (लवचीक प्लास्टिकची) प्लेट लागते, ती स्वस्त पडते. डिजिटल छपाईला दोन्ही लागत नाही, थोडे नगही निघतात, पण दर नगाला खर्च अधिक येतो आणि यंत्र एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही. परिणामी लहान उत्पादक बाजारात मिळेल तो तयार कोरा पाऊच घेतो आणि वर लेबल चिकटवतो. थर निवडण्याची संधी त्याला मिळतच नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. मिरज किंवा कुपवाड औद्योगिक वसाहतीत डिजिटल छपाई, पाऊच बनवणे आणि ओलावा व प्राणवायू किती आत शिरतो याची चाचणी, या तिन्हींचे एक सामायिक केंद्र उभे राहावे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत सामायिक सुविधांसाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहेच. उद्योग आणि कृषी विभागांना सोबत घेऊन आपल्या विभागाने पुढाकार घेतल्यास प्रस्ताव मार्गी लागेल. ज्यांना जमेल त्यांना याच केंद्रात निव्वळ पॉलिथिनचे किंवा निव्वळ पॉलिप्रॉपिलिनचे पाऊच करून, त्यात आपला माल किती दिवस टिकतो, हे विकण्याआधी तपासता येईल. भडंगासाठी हे आजही शक्य आहे, असे माझे मत आहे. हळदीबाबत चाचणी झाल्याशिवाय मी तसे म्हणणार नाही.

दुसरी विनंती सरकारसाठी जवळपास बिनखर्चाची आहे. प्रत्येक पाऊचवर आणि पुरवठादाराच्या बिलावर, बाहेरून आत या क्रमाने, थरांची एक ओळ बंधनकारक करावी, उदाहरणार्थ : ‘पॉलिएस्टर १२, मेटलाइज्ड पॉलिएस्टर १२, पॉलिथिन ५०’. शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकानुसार असल्याचा उल्लेख बिलावर त्याच ओळीखाली यावा, कारण खाद्यवेष्टनासाठी हे मानक लागू असूनही लहान खरेदीदाराला ते विचारायचे सुचत नाही. तपासणीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही जाडी मोजण्याबरोबर ही ओळ वाचून पाऊचशी ताडून पाहण्याचे प्रशिक्षण द्यावे. राज्याच्या अधिकारात हे पूर्णपणे बसत नसेल, तर केंद्राकडे तशी शिफारस करावी आणि तोवर बिलापुरती सक्ती राज्यात सुरू करावी.

आपला विश्वासू,
एक पॅकिंग व्यावसायिक,
कुपवाड, जि. सांगली