प्लेटलेटची गोळी आणि दुधाचा कप

महोदय,

पावसाळ्यात नाशिकमध्ये प्लेटलेट कमी म्हटलं की डेंग्यूच आठवतो. आयटीपी हा रक्ताचा आजार त्याहून निराळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेट नष्ट करते. बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. ज्यांचा आजार लांबतो त्यांपैकी काहींना स्टेरॉइडवरून एल्ट्रोम्बोपॅग या प्लेटलेट वाढवणाऱ्या गोळीवर आणलं जातं, आणि घोटाळा होतो तो नेमका या बदलात.

स्टेरॉइडसोबत अनेकदा हाडांसाठी कॅल्शियमचं सिरप आणि पोटासाठी अँटासिड दिलेलं असतं. नवी गोळी आली तरी त्या बाटल्या घरात चालूच राहतात आणि सकाळच्या दुधाबरोबर सगळं एकदमच पोटात जातं. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम या गोळीला पोटातच पकडून ठेवतात, रक्तात फारच थोडी उतरते. तीन आठवड्यांनी प्लेटलेटचा आकडा (काउंट) जिथल्या तिथे. मग औषध लागू पडत नाही असं समजून डोस वाढतो. दोष औषधाचा नसतो, वेळेचा असतो.

गोळीच्या आधी 4 तास आणि नंतर 2 तास हे पदार्थ नकोत. साडेपाचला दूध, रात्री भात किंवा ज्वारीची भाकरी, साडेनऊला गोळी आणि झोप, हे बसतं. मात्र नाचणीचं सत्त्व आणि तिळाचा लाडूही दुधाच्याच यादीत धरा. 'हलकं म्हणून दिलं' असं घराघरांत होतं.

गोळीचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर स्टेरॉइड स्वतःहून तोडू नका, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवा. काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं तर उलट्या होतात, बीपी उतरतो. एल्ट्रोम्बोपॅग अचानक बंद झाली तर काउंट पूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकतो. म्हणून गावी जाताना पाकीट मोजून घ्या.

डोस ठरेपर्यंत सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) दर आठवड्याला, लिव्हरची तपासणी दर 2 आठवड्यांनी. काउंट 50,000 च्या वर टिकला तरी पुरे, दीड लाखाचा हट्ट नको. तापाला पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन नाही. डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना कळवा. तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी असेल तर थेट रुग्णालय गाठा.

शहरातल्या औषध दुकानदारांना विनंती: पाकिटावर 'रोज एक' एवढंच लिहू नका, 'दुधानंतर 4 तासांनी' हेही लिहा.

— दोन औषधनिर्माते, नाशिक