भिंतीवरच्या ताईंना, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका तांडेलाकडून (मासेमारी बोटीच्या कप्तानाकडून)

ताई,

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट किनाऱ्याला. म्हणून या पावसाळ्यात लेकीच्या मागे लागून मीही तुमच्या क्लाइंबिंगच्या भिंतीवर यायला लागलो. पहिल्याच दिवशी तुम्ही आठाची गाठ शिकवायला घेतलीत, तेव्हा मी मनात हसलो होतो. जन्म दोरखंडात गेलाय आमचा! (बिलेच्या, म्हणजे खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळायच्या, परीक्षेत सोळा वर्षांची लेक पहिल्या फटक्यात पास झाली आणि मी दोनदा नापास, ते सोडा.)

तुम्ही ओरडलात सगळ्यांदेखत. आभार मात्र मी मानलेच नाहीत, म्हणून हे पत्रही सगळ्यांदेखत.

त्या दिवशी गाठ मारताना इंजिनाच्या मेकॅनिकचा फोन आला. अर्धा आठ झाला होता, दोर हार्नेसमधून, म्हणजे कमरेच्या पट्ट्यातून, ओवलाही होता, पण तोच माग धरून गाठीतून परत फिरवायचा राहिला. फोन ठेवला आणि चढायला लागलो. दोर धरलेली लेक गाठ बघायची विसरली, मीही. तुम्ही पलीकडे लहान मुलांचे पट्टे आवळत होतात. तिथून तुम्हाला दोराचं शेपूट एकेरी लोंबताना दिसलं. “काका, दोरावर भार टाकू नका! पायांनी खाली या!” मी जेमतेम कमरेएवढा वर होतो. वर पोचून दोरावर बसलो असतो तर काय झालं असतं, ते लेकीला अजून बोलून दाखवलेलं नाही.

मी चिडलो होतो. वयाने निम्मी पोर मला उतरवते! तुम्ही पाणी दिलंत आणि लिन हिलची गोष्ट सांगितलीत. जगातली नावाजलेली क्लाइंबर, १९८९ साली फ्रान्समध्ये तिची गाठ अशीच अर्धी राहिली, वीस मीटरहून जास्त पडली, झाडामुळे वाचली. नवख्यापेक्षा सरावलेल्यालाच हे जास्त होतं, म्हणालात. ते मला जास्त लागलं.

मग तुम्ही वही काढलीत. मला वाटलं, आता माझं नाव जाणार. तुम्ही लिहिलंत: ‘पाय जमिनीवरून उचलण्याआधी गाठ मी बघायला हवी होती.’ माझी चूक स्वतःच्या खात्यावर! बोटीवर असं लिहिणारा तांडेल मी पाहिलेला नाही. मीही लिहिलं नसतं.

तेव्हापासून तुमच्याकडे नीट बघतो. सकाळी दार उघडण्याआधी प्रत्येक दोर हातातून सरकवत कुठे मऊ पडलाय का चाचपता. कॅराबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या, बिजागरीवर खाऱ्या हवेचा पांढरट थर दिसला की तो बाजूला. थायलंडच्या समुद्रकाठच्या कड्यांवर दोर अडकवायला ठोकलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा तडकले, शेवटी टायटॅनियमचे बसवावे लागले, हेही तुमच्याकडूनच कळलं. नव्या दोन पोरांना भिंतीवर एकटं सोडत नाही तुम्ही, मग जेवण चार वाजता झालं तरी चालतं.

हे मालकांनीही वाचावं. ताईंच्या जोडीला अजून एक तयार माणूस द्या. सुट्टीच्या दिवशी एका जोडी डोळ्यांनी इतके दोर बघायचे म्हणजे कठीण आहे.

लेकीबरोबर सोड्यांचा डबा पाठवतोय. वांग्यात घाला. डबा परत करायची घाई नाही, बोट परवा निघते.

तुमचे,
काका