ताकामात्सूहून आल्यावर

ओसाका, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस काय?" म्हणून आज आधी तेच सांगते. दोन दिवसांत पाच वाडगे उदोन खाऊन आलेय.

शनिवार-रविवार धरून शिकोकू बेटावरच्या ताकामात्सूला गेले होते. शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामा, तिथून तासाभराची साधी गाडी. बाबा, ही गाडी समुद्रावरून जाते! १९८८ सालचा सेतो-ओहाशी पूल, वर मोटारी आणि खाली रेल्वे. तुम्ही असतात तर दारात उभं राहायला गेला असतात आणि दार उघडत नाही म्हणून चिडला असतात.

उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या शेवया. आपल्या शिरवाळ्यांच्या तिप्पट जाड धर. तिकडे पाऊस वर्षाला जेमतेम अकराशे मिलिमीटर, आपल्याकडे जून-जुलैतच त्याहून जास्त पडतो. नद्या आखूड, म्हणून जिकडेतिकडे तळी. भाताला पाणी पुरवता पुरवता जीव मेटाकुटीला यायचा, गहू मात्र बरा यायचा, म्हणून तिकडे उदोन. आता पीठ बहुतेक ऑस्ट्रेलियाच्या गव्हाचं असतं हे कळलं आणि माझा थोडा हिरमोडच झाला. कणीक प्लास्टिकमध्ये गुंडाळून पायांनी तुडवतात. आई, "अन्नाला पाय!" म्हणून ओरडू नकोस, तशी तुडवल्याशिवाय तो चिवटपणा येत नाही म्हणे.

दुकान सकाळी उघडतं आणि शेवया संपल्या की दुपारीच बंद. आपणच ताट घ्यायचं, किती गुंडाळ्या हव्यात ते सांगायचं. मला उकडलेल्या गार शेवया वाडग्यात मिळाल्या आणि मी तशीच रस्सा घ्यायला निघाले. मागच्या रांगेतल्या आजोबांनी वाडगा माझ्या हातातून काढूनच घेतला. शेवया लांब दांड्याच्या गाळणीत ओतल्या, उकळत्या पाण्यात बुडवल्या, मला दहा बोटं दाखवली. दहा मोजून झाल्यावर मनगटाला असा एक झटका दिला की पाण्याचा थेंब राहिला नाही. मग टाकीच्या नळाखाली वाडगा धरला. आई, नळाला रस्सा! वरून पातीचा कांदा आणि किसलेलं आलं. सगळं मिळून तीनशे-साडेतीनशे येन.

पहिला घोट घेतला आणि मला आपलं खळं आठवलं. मे महिन्यात तू सुकी मासळी घालतेस आणि कावळे हाकलायला मला बसवायचीस, तोच वास, फक्त पुष्कळ सौम्य. हा रस्सा 'इरिको'चा असतो. मांदेलीच्याच जातकुळीतले बारीक मासे, उकडून वाळवलेले, तिथल्याच इबुकी बेटावरचे. ओसाकात हा वास इतका ठसठशीत कधी लागला नव्हता. मी बराच वेळ नुसता वाडगा तोंडाजवळ धरून बसले होते. आजूबाजूला सगळे मोठ्याने भुरके मारत होते. बाबा, बशीतला चहा तुम्ही जसा पिता तसे. इथे कोणी डोळे वटारत नाही, आई!

बाबा, तिथला किल्लाही पाहिला. मुख्य मनोरा शिल्लक नाही, बुरूज आणि खंदक आहेत. खंदकात समुद्राचं पाणी येतं आणि त्यात चक्क मासे पोहतात. माशाचं नाव 'ताई'. लोक ताईला खाणं टाकत होते, मीही टाकलं. आपल्या ताईला हे सांगू नका, ती फोन ठेवून देईल.

रित्सुरिन बागही सुंदर आहे, फोटो पाठवते.

इरिकोचं एक पाकीट घेतलंय. गणपतीला येताना आणेन. मालवणात सुकी मासळी घेऊन येतेय हे शेजारी कळलं तर त्यांना वर्षभर हसायला पुरेल, तेव्हा आई, पिशवी तूच उघड. आणि बाबा, गुडघ्याची गोळी जेवल्यावर घ्या, आधी नाही.

तुमची,
बाय