ताऱ्यांना ओहोटी का लागली?

महोदय,

'विश्व म्हातारे होतेय' हा रविवार पुरवणीतला लेख वाचला. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे आजच्या जवळपास दहापट वेगाने जन्मत होते, मग ओहोटी लागली, इथवर ठीक. ती का लागली, हे मात्र 'गूढ' म्हणून सोडून दिले आहे. हे काही पटले नाही. त्या उत्तराचा एक मोठा तुकडा आपल्या खोडदच्या (जि. पुणे) जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेच दिलाय!

ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे (अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहतींचे) क्षीण रेडिओ संकेत एकत्र करून ८ अब्ज वर्षांपूर्वीचा अणुरूप हायड्रोजन, म्हणजे तारे घडवणारा कच्चा वायू, मोजला. साठा दांडगा होता. पण तारे घडवण्याचा सपाटा असा, की तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपावा. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, की चूल थंड.

त्यात गर्दीची भर. गुरुत्वाकर्षणामुळे दीर्घिकांचे समूह काळाबरोबर दाटत गेले. अशा समूहातला तप्त वायू त्यात शिरलेल्या दीर्घिकेतून तारे घडवणारा थंड वायू ओरबाडून काढतो. म्हणून दाट वस्तीत लालसर, वयस्कर दीर्घिकाच जास्त दिसतात.

आम्हाला द्राक्षबागेच्या बांधावरून त्या ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या रोज दिसतात. पाहुणे विचारतात, "टीव्हीच्या का हो?" त्यांचे एक वेळ सोडा, पण विज्ञानाच्या लेखात तरी जीएमआरटीचे नाव यायला हवे होते.

– एक वाचक, नारायणगाव