तात्यांना जाहीर आभारपत्र: पोंटून बोटीचा हिशेब शिकवल्याबद्दल

कोल्हापूर

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार.

आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हे आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आभार पहिल्याच ओळीत मानून मोकळे होतो आणि पुढचं पत्र कामाचं लिहितो. तुम्ही आमच्या ड्रॉइंगवर जे शेरे मारलेत, ते पोंटून बोट (बंद पाईपांवर डेक बसवून केलेली सपाट बोट), विसर्जनाचा तराफा किंवा पंपाचा तरंगता प्लॅटफॉर्म बांधायला घेणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहेत. ते आमच्याच फायलीत पडून राहू नयेत, एवढ्यासाठी हे जाहीर पत्र.

तुमचा पहिला शेरा होता, "तरंगते हे कळलं. सगळी माणसं एका कडेला आली तर?" बोट बांधणारे बहुतेक जण पाईपचं आकारमान काढतात, वजन काढतात, एकातून दुसरं वजा करतात आणि उरलेल्या किलोंना ७५ ने (माणशी ७५ किलो) भागून माणसं ठरवतात. या हिशेबात चूक काही नाही, पण तो अर्धाच आहे.

सगळ्यांना पडताळता यावं म्हणून आमच्या ड्रॉइंगमधलीच बोट उदाहरणाला घेतो. ॲल्युमिनियमचे दोन गोल पाईप, व्यास ६०० एमएम, लांबी ६ मीटर, पत्रा ३ एमएम, दोन पाईपच्या मध्यांमधलं अंतर १.८ मीटर. एका पाईपचं आकारमान साधारण १,६९६ लिटर. तलावाचं पाणी गोडं, म्हणजे एक लिटरला एक किलो उचल. दोन्ही मिळून ३,३९२ किलो. आता बोटीचं स्वतःचं वजन: दोन पाईप १९० किलो, आडवे चॅनेल आणि फ्रेम १२०, डेकचा १८ एमएम मरीन प्लाय १७०, कठडा आणि छत १२०, मोटर, पेट्रोल, नांगर, जॅकेट वगैरे १००. एकूण ७०० किलो.

बारा माणसं बसवली की वजन १,६०० किलो होतं, म्हणजे एकूण उचलीच्या ४७ टक्के. चोवीस बसवली तर २,५०० किलो, ७४ टक्के. चोवीस जण घेऊनही बोट छान तरंगताना दिसते, पाईपचा वरचा भाग पाण्याबाहेर असतो, आणि इथेच घात होतो. एका बाजूचा पाईप पूर्ण बुडण्यासाठी एकूण वजनाचा मध्य किती सरकावा लागतो, याचं तुम्ही दिलेलं सूत्र असं: दोन पाईपमधलं अर्धं अंतर, गुणिले (एकूण उचल भागिले एकूण वजन, वजा १). चोवीस माणसांसाठी ०.९ × (३,३९२ ÷ २,५०० − १), म्हणजे ३२ सेंटीमीटर. सरकणारी माणसं २,५०० पैकी १,८०० किलोच आहेत, त्यामुळे त्यांनी सरासरी ४५ सेंटीमीटर सरकायला हवं. पण बोट कलायला लागली की उभ्या माणसांचा भार आपोआप आणखी बाहेर जातो. तेवढं धरलं तर आकडा २० सेंटीमीटरच्या आत येतो. काठावर कुणी मोर दाखवला की माणसं एवढी सरकतातच. आणि पाईप एकदा पाण्याखाली गेला की त्या बाजूला उचल वाढायची थांबते, कलणं मात्र थांबत नाही.

बारा माणसांचं बघा. सगळी एका कठड्याला जाऊन उभी राहिली तर बोट चांगलीच कलते, पोटात गोळा येईल इतकी, पण पाईप पूर्ण बुडत नाही. कारण १,६०० किलोचा सगळा भार एकट्या पाईपवर आला तरी तो १,६९६ उचलतो. तुमचा नियम यातूनच आलेला: पूर्ण भरलेली बोट एका पाईपच्या उचलीपेक्षा जड नसावी. तोंडी लक्षात राहतो, कॅल्क्युलेटर लागत नाही.

दुसरा शेरा पाईपमधल्या अंतराचा. बोट डुलते म्हटलं की लोक पाईपचा व्यास वाढवायला धावतात. बाजूला कलण्याला होणाऱ्या विरोधात पाईपच्या स्वतःच्या रुंदीचा वाटा शंभरात चारच असतो. उरलेले ९६ भाग दोन पाईपमधल्या अंतराचे, तेही अंतराच्या वर्गाच्या पटीत. १.८ मीटरचं अंतर २.१ केलं की हा विरोध सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, आणि खर्च काय, तर प्रत्येक आडवा चॅनेल ३०० एमएम लांब. अडचण वाहतुकीची येते. २.१ मीटर अंतर अधिक पाईपची रुंदी, म्हणजे बोट २.७ मीटर होते आणि रस्त्यावर २.६ मीटरपेक्षा रुंद वाहन चालत नाही. म्हणून तुम्ही फ्रेम वेल्डिंगऐवजी नटबोल्टची करायला लावलीत. ती सुटी करून ट्रकमधून न्यायची आणि काठावर जोडायची. ॲल्युमिनियमवर स्टेनलेसचे बोल्ट घालताना मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर भोकाभोवती ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

मधोमध तिसरा पाईप बसवण्याबद्दल बरेच जण विचारतात. मधला पाईप मधल्या रेषेवरच असल्याने तो थेट स्थिरता जवळपास देत नाही. बाजूच्या पाईपांवरचा भार मात्र हलका करतो, त्यामुळे बुडण्याआधीची शिल्लक वाढते. तेही माणसं तेवढीच ठेवली तर. तिसरा पाईप बघून आणखी आठ जण चढवले की पहिले पाढे पंचावन्न.

विसर्जनाच्या तराफ्याचं तुम्ही वेगळं सांगितलंत आणि ते आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. कोल्हापुरातल्या इराणी खणीत असो की गावच्या तळ्यात, मूर्ती कडेवरून सोडतात. ४०० किलोची मूर्ती आणि ती धरणारे आठ जण एका पाईपवर आले की तो पाईप ८० टक्के भरतो. तिथवर ठीक आहे. मूर्ती सुटली की क्षणात ४०० किलो कमी होतात, एका पाईपला एक सेंटीमीटर वरखाली व्हायला ३६ किलो लागतात, म्हणजे ती कड ११ सेंटीमीटरच्या वर उसळते, आणि माणसं तर बाहेर वाकलेली असतात. पाण्यात पडतात ती याच क्षणी. मूर्ती सोडणारे चौघे आणि समोरच्या कडेला भार म्हणून चौघे, ही तुमची वाटणी मंडळांनी लिहून घ्यावी अशी आहे.

आता पाईपच्या कामाकडे येतो. साखर कारखान्यांच्या टाक्या आणि दुधाचे टँकर बांधलेल्या तुमच्या हातांचा फायदा इथे दिसतो. पाईपच्या टोकाला सपाट पत्रा लावणं सोपं आणि स्वस्त, म्हणून सगळे तेच करतात. बंद पाईप उन्हात २५ अंशांवरून ५५ वर गेला की आतल्या हवेचा दाब सुमारे एक दशांश बारने वाढतो. ऐकायला किरकोळ, पण ६०० एमएमच्या सपाट झाकणावर तो जवळपास २९० किलोचा रेटा आहे. रोज दुपारी झाकण बाहेर फुगतं, रोज रात्री आत बसतं, आणि काही महिन्यांत वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी भेग पडते. त्यातून वाईट म्हणजे तापलेली बोट पाण्यात ढकलली की आतली हवा आक्रसते आणि त्या भेगेतून पाणी आत ओढून घेते. पाईपमध्ये पाणी कसं आलं, भोक तर कुठे दिसत नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. टँकरला लावतात तसा डिश एंड (बाहेर फुगीर, ताटलीसारखं झाकण) घातला की प्रश्न मिटतो. पुढच्या टोकाला वर वळलेलं नाक करायचंच असतं, तिथेही आतून गसेट (आधाराचे तिकोनी पत्रे) द्यावेत.

सहा मीटरचा पाईप एकसंध पोकळ ठेवायचा नाही. दीड मीटर रुंदीच्या पत्र्याला १,८८५ एमएम लांब कापून रोल केला की ६०० व्यासाचं एक नळकांडं होतं, अशी चार जोडायची. प्रत्येक जोडावर आडवं पार्टिशन आधी एका नळकांड्यात पूर्ण वेल्ड करायचं, मग दुसरं चढवून बाहेरची गोल सीम (वेल्डिंगचा जोड) मारायची. हा क्रम उलटा झाला तर आत हात जात नाही आणि पार्टिशन नुसत्या टॅकवर (वेल्डिंगच्या तुटक ठिपक्यांवर) राहतं, म्हणजे एका कप्प्यातलं पाणी शेजारी जाणारच. नीट केलेल्या कामात एक कप्पा फुटला तरी जास्तीत जास्त ४२४ लिटरचंच नुकसान. शिवाय पाणी सहा मीटर पुढेमागे धावत नाही. तसं धावलं तर बोट नाकावर जाते. नळकांड्याच्या लांबीतली सीम पाण्याखाली नको, आतल्या बाजूला वर, घड्याळातल्या एकच्या जागी ठेवायची, म्हणजे बॅटरी मारून तपासता येते. पाणी काढायचा प्लग खाली ठेवण्याची पद्धत आहे, तुम्ही ती मोडीत काढलीत. प्रत्येक कप्प्याला वरच्या बाजूला एकच बॉस (झाकणाचं आटेवालं तोंड), त्यातून नळी सोडून हातपंपाने उपसायचं. पाण्याखाली भोकच नसेल तर प्लग विसरण्याचा प्रश्न येत नाही. आमच्या मते अख्ख्या ड्रॉइंगमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणी दुरुस्ती हीच.

ॲल्युमिनियमच्या ५०५२ किंवा ५०८३ ग्रेडच्या पत्र्याला वेल्डिंगसाठी ५३५६ ची वायर. दुकानात सहज मिळते म्हणून ४०४३ घेतली तर जोड ठिसूळ होतो. वेल्डिंगआधी ऑक्साइड काढायचा ब्रश स्टेनलेसचा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठीच ठेवलेला. लोखंडावर फिरवलेला ब्रश इथे लावला की त्याचे कण रुततात आणि तिथेच खड्डे पडतात. लोखंडी ३ एमएम पत्र्याचे पाईप स्वस्त पडतात, पण जोडी ५६० किलोची होते. ॲल्युमिनियमपेक्षा ३७० किलो जास्त, म्हणजे पाच माणसं कमी.

गळतीची चाचणी सगळ्यांनी दोनदा वाचावी. कप्प्यात कॉम्प्रेसरची हवा थेट सोडायची नाही. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरचा दाब चौरस सेंटीमीटरला ७ किलोचा असला तर ६०० एमएमच्या झाकणावर जवळपास २० टन रेटा येतो आणि झाकण तोफगोळ्यासारखं सुटतं. तुमची पद्धत पारदर्शक नळीची. नळी इंग्रजी यू आकारात उभी बांधायची, निम्मी पाण्याने भरायची, एक टोक कप्प्याच्या बॉसला, दुसरं उघडं. सायकलच्या पंपाने हवा भरत राहायचं आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक पडला की थांबायचं. तो दाब पुरेसा आहे, आणि चुकून जास्त झाला तर पाणीच बाहेर उडतं. नळी स्वतःच सेफ्टी व्हॉल्व्ह. मग जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. हे पहाटे, ऊन पडायच्या आत करावं, कारण पाईप एक अंशाने तापला वा थंडावला तरी नळीतला फरक साडेतीन सेंटीमीटरने हलतो आणि गळती नसताना गळती वाटते, किंवा असताना झाकली जाते.

फोमबद्दल थोडक्यात. फोम भरल्याने उचल वाढत नाही, उलट फोमच्या वजनाइतकी कमी होते. पाईप फुटला तर पाणी शिरायला जागा राहत नाही, एवढाच त्याचा उपयोग. कप्पे नीट असतील तर गरज नाही. फोममागे पाणी मुरलं तर ते दिसतही नाही आणि निघतही नाही. थर्माकोल तर पेट्रोल सांडलं की विरघळतो.

बोट पुढच्या दिशेनेही कलते, हे काठाला लागताना कळतं. उतरायच्या घाईत बाराही जण पुढे गेले तर नाक ३० सेंटीमीटरच्या आसपास खाली जातं, आणि पाईपचा पाण्याबाहेर उरलेला भागही जवळपास तेवढाच असतो. म्हणून पाईप डेकच्या पुढे ४०० एमएम काढलेले बरे. दार बाजूला मधोमध असावं, आणि उतरताना दोघे दोघेच उठावेत.

बोट पाण्यात सोडल्यावरची चाचणी वाळूच्या पोत्यांनी. माणसांऐवजी ९०० किलोची पोती डेकवर सारखी पसरायची, छताला एक मीटर दोरीचा ओळंबा टांगायचा, वारा नसताना १०० किलोची पोती आडव्या दिशेने एक मीटर सरकवायची. या बोटीत ओळंबा साधारण २० एमएम सरकायला हवा. ३५-४० सरकला तर अंतर कमी पडलंय, वर वजन फार चढलंय किंवा कुठल्या तरी कप्प्यात पाणी आहे. त्यानंतर पाईपवर पूर्ण भाराची रेघ रंगाने मारून ठेवायची. या बोटीला एक सेंटीमीटर खाली जायला ७२ किलो लागतात, म्हणजे ढोबळमानाने माणशी एक सेंटीमीटर. रेघ दिसेनाशी झाली की मोजणी करायची गरज नाही, कुणीतरी उतरायचं. रिकाम्या बोटीचा एखादाच कोपरा खाली दिसला तर त्या कप्प्यात आधी नळी घालून बघायचं.

एक गोष्ट तुम्ही स्पष्ट लिहायला सांगितली होती. ही बोट रंकाळा, कळंबा, धरणांचं बॅकवॉटर अशा संथ पाण्याची आहे. पंचगंगेच्या पुराची नव्हे. धारेत ती आडवी होऊन झाडाला किंवा बंधाऱ्याला टेकली की प्रवाहाकडचा पाईप पाणी खाली दाबतं, आणि वर दिलेला एकही आकडा मग लागू होत नाही. संथ पाण्यातही जलपर्णी दोन पाईपच्या मध्ये अडकून ओढ वाढवते, तेव्हा मोटर वर उचलता येईल अशीच बसवावी. प्रवासी बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो, म्हणून नोंदणी आणि सर्व्हे बांधकामाआधीच विचारून घ्यावेत. फ्रेम उघडी असताना सर्व्हेअरला जे दिसतं, ते डेक ठोकल्यावर दिसत नाही.

२.१ मीटर अंतराची नवी फ्रेम कापायला घेतली आहे. आडव्या चॅनेलमधलं अंतर ४०० एमएम धरलंय आणि पाईपवरच्या ब्रॅकेटखाली तुम्ही सांगितलेली सॅडल प्लेट (पाईपच्या गोलाईत बसणारी पट्टी) घेतलीय. फ्रेम वाकडी होऊ नये म्हणून तिरपे आधार (कर्ण) किती द्यावेत हे अजून ठरायचं आहे. सवडीने शेडवर या, चहा आमच्याकडे.

आपले,
पोंटून बांधणारी मंडळी