पाकिटामागच्या सहा ठिपक्यांबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स.न.वि.वि.

आम्ही तुम्हाला आठवू का, शंकाच आहे. खिडकीजवळच्या खाटेवरचे, उजव्या नडगीचं हाड उघडं पडलेले आजोबा आणि तुमच्याशी भांडलेला त्यांचा मुलगा. तो मी.

आधी भांडणाचं. अपघातानंतर दुसऱ्या एका ठिकाणी बाबांच्या जखमेवर नुसती कातडी लावली होती. तिला खालून रक्त मिळावं लागतं, उघड्या हाडावर ती धरत नाही, हे आम्हाला ती काळी पडल्यावर कळलं. म्हणून तुमच्याकडे फ्लॅपसाठी आलो. मांडीवरची कातडी चरबी आणि रक्तवाहिन्यांसकट उचलायची, नडगीवर बसवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाहिनीला वाहिनी जोडायची. मी रजा टाकली होती, बॅग भरून आणली होती. आणि तुम्ही फाइल चाळून म्हणालात, "आत्ता नको."

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, २.६, कमी. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर, ९.४, जास्त. "दोन आकडे बघून माणसाला परत पाठवता?" असं मी वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत.

मी प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणायला निघालो होतो, तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं. जखमेत पू आहे तोवर यकृत सीआरपीसारखी, म्हणजे सूज-संसर्गात वाढणारी, प्रथिनं बनवण्यात गुंतलेलं असतं आणि अल्ब्युमिन मागे पडतं. खाणं हवंच, पण आधी जखम साफ झाली पाहिजे, नाहीतर डबे संपतील आणि आकडा जागचा हलणार नाही. तसंच केलंत. दोनदा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन मेलेलं हाड आणि सडका भाग काढलात. सात आठवड्यांनी अल्ब्युमिन ३.४ झालं. एचबीएवनसी मात्र ८.१ वरच अडकलं. मी हिरमुसलो, तर तुम्ही हसलात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचं जुनं ओझं असतंच. तुमचं लक्ष रोजच्या साखरेच्या वहीवर होतं, आणि ती वही चांगली होती.

आणखी एक. जुन्याच सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावरून न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने (दोन्ही पांढऱ्या पेशी) भागून तुम्ही मोबाइलवर एक गुणोत्तर काढलंत. ते जास्त असलं की धोका वाढतो का, असं मी विचारलं. "वाढलेला दिसतो, पण सगळ्यांनी मान्य केलेली रेषा अजून नाही," म्हणालात. डॉक्टरच्या तोंडून इतकं सरळ उत्तर मी फार कमी वेळा ऐकलंय.

शस्त्रक्रिया झाली. पहिले तीन दिवस दर तासाला कोणीतरी टॉर्च घेऊन यायचं, फ्लॅपवर बोट दाबून सोडायचं, रंग परतायला किती वेळ लागतो ते बघायचं, मग रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारी डॉप्लरची पेन्सिल टेकवायची. तो फुस्स-फुस्स आवाज आला की आम्ही श्वास सोडायचो. फ्लॅप गुलाबी होता. सगळे खूश होते.

तुम्ही मात्र एक्स-रेच्या पाकिटामागे बॉलपेनने ठिपके टाकत होतात. सीआरपी दुसऱ्या दिवशी १३१, तिसऱ्या दिवशी १४८. मी घाबरलो, तर म्हणालात, कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस ते चढतंच. वर जाण्याची भीती नाही, खाली यायला हवं ते येतंय का बघायचं. चौथा दिवस ९६, पाचवा ६१. सहावा ११९.

सहाव्या दिवशी बाबांना ताप नव्हता. फ्लॅपला काही झालं नव्हतं. त्या सकाळी राउंडमध्ये "उद्या परत बघू" असं ठरलं होतं. दुपारी तुम्ही एकट्या परत आलात, नडगीकडे पाहिलंही नाहीत आणि सरळ मांडीची पट्टी सोडलीत. जिथून फ्लॅप घेतला ती जागा. आम्ही सगळे आठवडाभर पायाकडेच डोळे लावून बसलो होतो. मांडी किंचित गरम होती, दाबल्यावर बाबा कळवळले. टाके दुखत असतील म्हणून ते गप्प राहिले होते, स्वभावच तसा. सोनोग्राफीत टाक्यांखाली साचलेलं पाणी दिसलं. त्यात संसर्ग झाला होता. वेळेत निचरा झाला, कल्चरप्रमाणे, म्हणजे जंतूंच्या तपासणीप्रमाणे, औषध बदललं, दोन दिवसांत ठिपका खाली आला.

मी तुम्हाला विचारलं होतं, रक्तात मांडीचं नाव लिहिलेलं असतं का? "नाही हो. रक्त फक्त म्हणतं, कुठेतरी बिनसलंय. पाय चांगला दिसत होता, मग उरलं काय?" एवढं बोलून तुम्ही पुढच्या खाटेकडे गेलात. आभार मानायचे राहिले, भांडणाची माफी मागायचीही राहिली. दोन्ही या पत्रात समजून घ्या.

बाबा आता काठी न घेता चालतात. पाकीट अजून आमच्याकडे आहे. पुढच्या प्रत्येक तपासणीला बाबांनी स्वतः थरथरत्या हाताने ठिपका टाकलाय. शेवटचा ४ चा आहे आणि तो कागदाच्या कडेबाहेर गेलाय, कारण तुम्ही खाली जागाच ठेवली नव्हती.

आपला,
खिडकीजवळच्या आजोबांचा मुलगा