संशयित औषध परत पाठवून प्रश्न सुटत नाही

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात एकवीस वर्षे औषधविक्री करणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. गेल्या पावसाळ्यात एका घाऊक विक्रेत्याकडून आलेल्या प्रतिजैविकाच्या खोक्यात दोन पाकिटांवरचा बॅच क्रमांक अंगठा घासताच पुसट झाला. बाकीच्या पाकिटांवर तो ठसठशीत उमटलेला होता, म्हणून ती दोन पाकिटे बनावट असावीत असा संशय आला. घाऊक विक्रेत्याला फोन केला, तर "माल परत पाठवा, क्रेडिट नोट देतो," म्हणजे रक्कम खात्यात वळती करतो, एवढेच उत्तर मिळाले आणि मी माल परत पाठवला. ती पाकिटे पुढे अक्कलकोटला गेली की मंगळवेढ्याला, हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

चूक माझीच होती, पण ती भीतीपोटी झाली. असा माल दुकानात आहे हे स्वतःहून कळवले तर परवान्यावरच गदा येईल, असे आमच्यापैकी अनेकांना वाटते. परवानाधारकाकडून रीतसर खरेदी केलेल्या, नीट साठवलेल्या आणि वाजवी काळजी घेऊनही ज्यातील दोष कळू शकला नसता अशा औषधाबाबत औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 19(3) मध्ये विक्रेत्याला संरक्षण आहे, हे मला फार उशिरा समजले. शुल्क भरून कोणालाही औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस देता येते, हे कलम 26 तर काउंटरवर कुणाच्या तोंडी ऐकले नाही.

1 ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या ठरावीक 300 ब्रँडांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु कोडमधून दिसणारा बॅच क्रमांक आणि मुदत पाकिटावरच्या छपाईशी ताडून पाहायची असते, हे संध्याकाळच्या गर्दीत औषधे काढून देणाऱ्या मुलांना कोणी शिकवलेले नाही.

आपणांस कळकळीची विनंती आहे की, तपासणीत नापास झालेल्या बॅचची माहिती प्रत्येक परवानाधारकाच्या मोबाइलवर मराठीतून त्वरित यावी, प्रत्येक तालुक्यात खरी व बनावट पाकिटे हातात देऊन प्रशिक्षण व्हावे, आणि विक्रेत्याने संशय कळवताच त्याला पोच मिळून औषध निरीक्षक नमुना घेईपर्यंत तो माल घाऊक विक्रेत्याकडे परत जाऊ नये, असा स्पष्ट आदेश निघावा. अशा पहिल्या प्रशिक्षणासाठी सोलापुरातील माझे दुकान बंद ठेवून मी दिवसभर यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता, सोलापूर